टॉवर ब्रिज उचलता का बांधला?

प्रश्न : लंडनमधील टेम्स नदीवरचा टॉवर ब्रिज मधोमध दुभंगून वर उचलला जातो. उंच, स्थिर पूल बांधण्याऐवजी हा खटाटोप कशासाठी केला गेला आणि दगडी पूल उचलला तरी कसा जातो?

उत्तर : या खटाटोपाचे मूळ जहाजांच्या वाहतुकीत आहे. लंडन ब्रिजपासून खाली आजच्या टॉवर ब्रिजपर्यंतचा नदीचा पट्टा एकोणिसाव्या शतकात उंच डोलकाठ्यांच्या जहाजांनी गजबजलेला असे आणि त्यांचा माल दोन्ही काठांवरच्या धक्क्यांवर उतरे. शहराची पूर्वेकडची वस्ती वाढत होती, परंतु त्या बाजूला नदी ओलांडण्यासाठी एकही पूल नव्हता. १८७० मध्ये खुले झालेले टॉवर सबवे हे अरुंद भुयार पादचाऱ्यांपुरतेच उपयोगी होते. जहाजांना वाट देईल इतका उंच स्थिर पूल बांधायचा, तर त्याला जोडणारे चढाचे रस्ते दोन्ही काठांवरच्या दाट वस्तीत दूरवर न्यावे लागले असते आणि मालाने लादलेल्या घोडागाड्यांना तो चढ जाचक ठरला असता. १८७६ मध्ये नेमलेल्या समितीकडे पन्नासहून अधिक आराखडे आले. अखेर १८८४ मध्ये होरेस जोन्स आणि अभियंता जॉन वुल्फ बॅरी यांचा आराखडा स्वीकारला गेला. मधला गाळा २०० फुटांचा आणि उघडल्यावरची मोकळी उंची १३५ फुटांची असावी, हे १८८५ च्या कायद्यानेच ठरवून दिले. बांधकाम १८८६ मध्ये सुरू झाले आणि ३० जून १८९४ रोजी युवराजांच्या, म्हणजे पुढे राजे झालेल्या सातव्या एडवर्ड यांच्या हस्ते उद्घाटन झाले. जोन्स १८८७ मध्येच निवर्तले होते.

आता दगडाविषयी. हा पूल दगडी दिसतो, पण तो आहे पोलादी. ११,००० टनांहून अधिक पोलादाच्या सांगाड्यावर ग्रॅनाइट आणि पोर्टलंड दगडाचे आवरण चढवले आहे, ते शेजारच्या टॉवर ऑफ लंडन या किल्ल्याशी मेळ साधावा म्हणून. अभियांत्रिकीच्या दृष्टीने हे वेशांतरच म्हणावे लागेल. वर उचलली जाणारी दोन पाती प्रत्येकी हजार टनांहून जड आहेत. तथापि प्रत्येक पात्याच्या मागच्या टोकाला तोल साधणारा प्रतिभार असल्याने ते उचलायला वाटते तितकी शक्ती लागत नाही. वाफेच्या इंजिनांनी पाणी दाबाखाली साठवून ठेवायचे आणि त्या दाबाने पाती हलवायची, अशी मूळची योजना होती. १९७६ मध्ये तिची जागा वीज आणि तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेने घेतली.

पाती उघडी असतानाही पादचाऱ्यांना जाता यावे म्हणून दोन्ही मनोऱ्यांना जोडणारे उंच मार्ग ठेवले होते. पाती पुन्हा खाली येईपर्यंत थांबणे लोकांना जिने चढण्यापेक्षा सोयीचे वाटे, त्यामुळे ते १९१० मध्ये बंद झाले आणि १९८२ मध्ये प्रदर्शनासाठी पुन्हा उघडले.

मोठी मालवाहू जहाजे आता इथवर येत नाहीत, तरी नौकांचा अग्रहक्क कायम आहे. ३० फूट किंवा त्याहून उंच डोलकाठी अथवा बांधणी असलेल्या नौकेने किमान २४ तास आधी लेखी सूचना दिली, की तिच्यासाठी पूल विनामूल्य उघडला जातो आणि रस्त्यावरच्या वाहनांना थांबावे लागते.