अँबेसिडर घेऊ की मारुती ८००?
मित्रा, पहिलीच जुनी गाडी आहे ना, मग सरळ ८०० घे. अँबेसिडरचा रुबाब वेगळाच, मागे तिघं ऐसपैस बसतात, खड्डे पण फारसे कळत नाहीत, मला स्वतःला तीच जास्त आवडते, पण तिला वेळ द्यावा लागतो, पुढच्या सस्पेन्शनच्या निपलना, म्हणजे ग्रीस भरायच्या छोट्या तोंडांना, वेळच्या वेळी ग्रीस मारलं नाही की स्टेअरिंग जड होत जातं, त्यात जुन्या मॉडेलला चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक, गाडी पटकन थांबत नाही, म्हणजे पुढच्या गाडीपासून अंतर ठेवूनच चालव. ८०० चं ७९६ सीसीचं तीन सिलिंडर इंजिन, गाडी हलकी, पार्किंगची कटकट नाही. फक्त घेताना मॅट उचलून फ्लोअरचा पत्रा अंगठ्याने दाबून बघ, पाणी मुरून तिथेच गंजतो, दबला तर ती गाडी सोडून दे, दुसरी मिळेल.