आत्याच्या घराचे पैसे येईपर्यंत

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. ठाण्याच्या फ्लॅटचं बुकिंग या महिन्यात करायचं, सुरुवातीचे दहा टक्के साठवलेल्या पैशांतून भरायचे आणि पुढचे हप्ते गेलेल्या आत्याच्या पार्ल्याच्या घराच्या पैशांतून भागवायचे, असा तुझा बेत आहे. मी सबंध नोकरी फोर्टात वकिलांच्या ऑफिसात, प्रोबेटच्या, म्हणजे मृत्युपत्राला कोर्टाची मान्यता मिळवण्याच्या, फायली सांभाळत काढली. त्या अनुभवावरून सांगते, या पैशांच्या भरवशावर बुकिंग करू नकोस.

रेराच्या, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या, कायद्यामुळे करार रजिस्टर केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, म्हणून तो आत्ता एवढ्यावर थांबला आहे. करार नोंदला गेला की इमारतीच्या प्रत्येक स्लॅबला मागणीपत्र येईल आणि चुकलेल्या हप्त्यावर व्याज चढेल. महाराष्ट्राच्या नियमांत ते स्टेट बँकेच्या सर्वांत वरच्या एमसीएलआरवर, म्हणजे कर्जाच्या पायाभूत दरावर, आणखी 2 टक्के आहे. बिल्डरच्या मागणीला तारीख असते. हायकोर्टातून प्रोबेट कधी हातात पडेल याची तारीख तुझ्या काकांनाच काय, त्यांच्या वकिलांनाही देता येणार नाही. कोणी हरकत घेतली नाही तरी महिने जातात, आणि हरकत आली तर वर्षं.

"घर तर विकलं गेलंय," असं तू लिहिलंस. ते अजून विकलेलं नाही. काकांनी घेणाऱ्याशी एमओयू, म्हणजे प्राथमिक समजुतीचा करार, करून टोकन घेतलंय. खरेदीचा करार प्रोबेट आल्यावर व्हायचा आहे. ठरलेल्या मुदतीत प्रोबेट आलं नाही तर बहुतेक एमओयूमध्ये घेणाऱ्याला टोकन परत मागता येतं, म्हणून काकांनी ते वाटलेलं नाही. त्यांनी अगदी योग्य केलं. चुलतभाऊ "टोकनमधले माझे द्या" म्हणतोय, त्यात तू सूर मिसळू नकोस.

आता तुझा रागाचा प्रश्न. 213वं कलम गेलं, मुंबईत प्रोबेटची सक्ती उरली नाही, मग थांबायचं कशाला? बातमी खरी आहे. भारतीय उत्तराधिकार कायद्यातलं ते कलम 2025च्या डिसेंबरमध्ये वगळलं गेलं. पण सक्ती गेली म्हणून गरज गेली असं होत नाही. तुमचं घर घेणारा गृहकर्ज काढणार आहे. त्याच्या बँकेचा वकील कागदांची साखळी तपासतो, आणि आत्यानंतर मालकी कोणाकडे आली याचं उत्तर त्याला भक्कम हवं असतं. शिवाय तुमच्या घरात वारसांचा प्रश्न सरळ नाही. अर्ज दाखल आहे, तो अर्धवट सोडू नये असंच मी काकांना सांगितलं.

वारसांचं नीट समजून घे, कारण सगळा उशीर तिथेच आहे. आत्याला मूलबाळ नाही, यजमान आधीच गेले. पार्ल्याचं घर तिने स्वतःच्या पगारातून घेतलेलं. मृत्युपत्र नसतं तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 15व्या कलमाप्रमाणे ते घर तिच्या माहेरी आलंच नसतं, तिच्या नवऱ्याच्या वारसांकडे गेलं असतं. म्हणजे तिच्या दिरांच्या मुलांकडे. तिने मृत्युपत्र करून ते तुम्हा भाचरांना दिलं, हे तिचं तुमच्यावरचं प्रेम. पण ज्यांचा हक्क त्या कागदामुळे गेला, त्यांना कोर्ट विचारल्याशिवाय पुढे जात नाही. त्यांनी संमतीचं प्रतिज्ञापत्र दिलं तर उत्तम, नाहीतर प्रत्येकाला नोटीस बजावावी लागते. त्यातला एक नागपूरला, एक न्यू जर्सीला. "ज्यांनी आत्याला कधी विचारलं नाही त्यांना का विचारायचं?" हे तुझं वाक्य मला समजतं. तरीही ते त्यांच्यासमोर बोलू नकोस, फॅमिली ग्रुपवर तर मुळीच नको. दुखावलेला माणूस कॅव्हेट टाकतो, म्हणजे कोर्टात हरकत नोंदवतो. मग साध्या अर्जाचा दावा होतो, साक्षी-उलटतपासण्या सुरू होतात आणि घेणारा निघून जातो. आत्याच्या दिराच्या त्या न्यू जर्सीतल्या मुलाला तूच एक फोन कर. संमतीचं काढू नकोस, ख्यालीखुशाली विचार. आत्या गेल्याचं त्याला तुमच्यापैकी कोणी कळवलं होतं का, हेही आठव.

दुसरी अडचण मी काकांकडची फाईल पाहताना पाहिली. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर आत्याचं माहेरचं नाव आहे, मृत्युपत्रात सासरचं, आणि मृत्यूच्या दाखल्यात सासरच्या आडनावात एक वेलांटी वेगळी. कोर्टाच्या ऑफिसने त्यावर हरकत काढली आहे. तिचा लग्नाचा दाखला, जुनं रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, दोन्ही नावं जोडणारं जे सापडेल ते हवंय. तुझ्या आईच्या कपाटात आत्याची एक पिशवी आहे ना, ती या रविवारी उपस. सध्या तुझ्या हातात असलेलं सर्वांत उपयोगी काम हेच आहे.

प्रोबेट आल्यावरही पैसे दुसऱ्या दिवशी वाटले जात नाहीत. आधी आत्याची देणी, हॉस्पिटलचं उरलेलं बिल, सोसायटीची थकबाकी, मालमत्ता कर. मग तिला सांभाळणाऱ्या बाईंना लिहून ठेवलेली रक्कम. त्यानंतर तुमचे वाटे. कायद्याने एक्झिक्युटरला, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्या काकांना, मृत्यूच्या तारखेपासून एक वर्ष होईपर्यंत वाटे देण्याची सक्ती नाही. घाईत वाटून टाकलं आणि मागून एखादं देणं निघालं, तर काकांना स्वतःच्या खिशातून भरावं लागू शकतं, आणि देणं मागणारा तुमच्याही दारात येऊ शकतो. काका तोंडाने फटकळ आहेत, पण पेन्शनीतला हा माणूस तुमच्यासाठी जोखीम घेऊन बसलाय.

एक गोष्ट मात्र आत्ताच विचारून घे. विक्री कोणाच्या नावाने होणार? एक्झिक्युटर म्हणून काका विकणार, की आधी घर तुमच्या नावावर करून तुम्ही सगळे मिळून विकणार? वारशावर आपल्याकडे कर नाही, पण विक्रीच्या नफ्यावर आहे. तो मोजताना आत्याने घेतलेली किंमत धरतात, आणि घर 1 एप्रिल 2001 आधीचं असेल तर त्या दिवशीची बाजारकिंमत धरता येते. तू स्वतःच्या नावाने विकलंस तर दुसरं घर घेऊन सवलत मिळवता येते. त्यासाठी ते घर विक्रीच्या आधी एक वर्ष ते नंतर दोन वर्षं या काळात घेतलेलं हवं, बांधायचं असेल तर विक्रीनंतर तीन वर्षांत. म्हणजे आज घाईने घेतलेलं घर उद्या या सवलतीत बसणारही नाही. इस्टेटीच्या नावाने विकलं तर गणित वेगळं होतं. एमओयूनंतरचा करार लिहायला घेण्याआधी सीएसमोर तुम्ही तिघं आणि काका एकदा बसा. चुलतभाऊ परदेशात राहत असल्यामुळे त्याच्या वाट्यावरची करकपात नेहमीच्या 1 टक्क्याने होत नाही, ती बरीच मोठी असते. कमी कपातीचं सर्टिफिकेट त्याने आधीच काढावं, नाहीतर रक्कम रिटर्न भरून परत येईपर्यंत अडकेल.

काकांना रोज फोन करू नकोस. महिन्यातून एक मेल पुरे. त्यात तीन गोष्टी विचार, अर्ज कुठल्या टप्प्यावर आहे, रिकाम्या घराचा मेंटेनन्स आणि विजेचं बिल कोण भरतंय आणि त्याची नोंद होतेय का, एमओयूची मुदत कधी संपते. हिशेब मागायला लाजू नकोस. प्रोबेट मिळाल्यावर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षाच्या आत हिशेब कोर्टाला द्यावा लागतो, त्यामुळे नोंदी आत्तापासून असल्या तर त्यांचंच काम हलकं होईल. विचारण्याचा सूर तेवढा पुतणीचा ठेव.

घराचं स्वप्न सोड असं मी म्हणत नाही. तुझ्या पगारावर बँक जेवढं कर्ज देईल त्यात ठाण्याचा फ्लॅट बसत असेल, आणि आत्याचा एक रुपया आला नाही तरी हप्ता झेपत असेल, तर करसवलतीचं सीएला विचारून खुशाल घे. पैसे येतील तेव्हा कर्जात भर, फ्लोटिंग रेटच्या गृहकर्जाला मुदतीआधी फेडण्याचा दंड नाही. बसत नसेल तर बिल्डरच्या माणसाला आजच नाही म्हण. तो "ही ऑफर महिनाअखेरपर्यंतच" म्हणेल, म्हणू दे.

काकांना पाठवायचा पहिला मेल मला आधी दाखव. आणि पिशवीत काय सापडलं ते रविवारी रात्री कळव.

तुझी,
मावशी