आवडत्या इंडी रॉक बँडला ऐकायला परभणीहून पुण्याला जावं का?

तिकीट, प्रवास आणि एका रात्रीची झोप, एवढं सगळं एका बँडसाठी घालवावं की तीच गाणी घरी हेडफोन लावून ऐकावीत, असं तुम्ही विचारलंय. जा. मी लातूरचा. मी गेलो होतो दिल्लीच्या इंडियन ओशन या बँडसाठी, आणि मला जायला सात वर्षं उशीर झाला.

तो उशीर आधी सांगतो. २००८ साली मी बारावीला होतो. सकाळी क्लास, दुपारी कॉलेज, संध्याकाळी टेस्ट. लातूरला बारावी म्हणजे काय ते तुम्हाला परभणीत वेगळं सांगायला नको. मित्राच्या भावाकडे ‘कंदिसा’ची सीडी होती. २००० साली आलेला हा अल्बम. त्यातलं शीर्षकगीत केरळच्या सीरियन ख्रिश्चनांच्या ॲरामाइक या प्राचीन भाषेतल्या प्रार्थनेवरचं आहे, आणि ‘मा रेवा’ नर्मदेच्या खोऱ्यातलं. बँडचे राहुल राम नर्मदा आंदोलनात काम करायचे, तिथून ते गाणं आलं. शब्द धड कळत नव्हते तरी ती सीडी मी झिजवली. त्याच वर्षी बँड पुण्याला येणार असल्याचं कळलं. घरचे म्हणाले, परीक्षा होऊ दे, ते काय पळून चाललेत का. मलाही ते पटलं.

२५ डिसेंबर २००९ ला बँडचे असीम चक्रवर्ती वारले. तबला वाजवता वाजवता गाणारा तो भरदार आवाज त्यांचा होता. पुढच्या वर्षी बँडनं ‘१६/३३० खजूर रोड’ हा अल्बम इंटरनेटवर फुकट दिला, महिन्याला एक गाणं, अशी सात. दिल्लीच्या करोल बागेतल्या ज्या जुन्या बंगल्यात त्यांचा सराव चालायचा, त्याचा हा पत्ता. नेट कॅफेत बसून मी एकेक गाणं पेनड्राइव्हवर घ्यायचो. असीमदांचा आवाज त्यात होता. हा माणूस समोर बसून गाताना आता कधीच दिसणार नाही, हे तिथं त्या खुर्चीत पहिल्यांदा नीट कळलं.

२०१५ मध्ये निघालो तेव्हा आई म्हणाली, “गाणं मोबाइलात हाय की, त्याच्यासाठी पुण्याला कशाला जायलास?” उत्तर मलाही देता आलं नाही. आज देऊ शकतो.

बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला साधारण ४१ कंपनं होतात. मोबाइलच्या स्पीकरमधून इतका खालचा सूर निघतच नाही. वरचे स्वर ऐकून आपला मेंदू तो मनानं भरतो. मैदानावर बेस वाजवणाऱ्या राहुल राम यांचा पहिला सूर मला आधी बरगड्यांत जाणवला. सात वर्षं जी गाणी पाठ होती, त्यांचा तळ मी ऐकलेलाच नव्हता.

पण खरी गोष्ट पुढं आहे. त्यांच्या काही गाण्यांत एक आवाज येतो, ताणल्यासारखा, मधेच वर चढणारा, मधेच गपकन खाली येणारा. ती गिटारची काहीतरी मशीन असणार असं मी धरून चाललो होतो. त्या रात्री ड्रमवाले अमित किलाम उठून पुढं आले आणि काखेत एक छोटं वाद्य धरलं. एका तोंडाला कातडं, कातड्याच्या मधून निघालेली तार, एका हातानं ती ओढायची आणि दुसऱ्यानं छेडायची. बंगालकडची गबगुबी. मला मात्र चौंडकं दिसलं. यल्लम्मा देवीचा जग, म्हणजे देवीची टोपली, डोक्यावर घेऊन आमच्या गल्लीत येणाऱ्या जोगत्यांच्या काखेत असायचं ते. दोन्ही वाद्यं एकाच जातकुळीची. लहानपणी ज्याच्या मागं चार घरं फिरलो तोच आवाज सात वर्षं कानात वाजत होता, आणि मी तो ओळखला नव्हता. डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या अनोळखी मुलाला मी ओरडून सांगितलं, “हे आमच्याकडं असतं!” त्यालाही काय कळलं कोण जाणे, पण त्यानं माझा खांदा दाबला.

‘मा रेवा’ रेकॉर्डवर जिथं संपतं तिथं त्या दिवशी संपलं नाही. लोक गायला लागले तसं ते लांबत गेलं. औशाच्या नाथ संस्थानचं चक्रीभजन तुम्ही पाहिलं असेल तर मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. रिंगण तापलं की चरण पुन्हा उचलला जातो; किती वेळा, ते आधी कुणी ठरवून आलेलं नसतं. रेकॉर्डिंगमध्ये नेमकं हे उचलणं नसतं.

असीमदांच्या जागी कोणी बसवता येत नाही. हिमांशू जोशी गायले, तबल्यावर तुहीन चक्रवर्ती होते. सुस्मित सेन २०१३ मध्ये बाहेर पडल्यानं गिटार निखिल राव यांच्याकडं होती. सुरुवातीची दोन गाणी मी जुना आवाज शोधत राहिलो, नंतर ते सुटलं. तुमच्या बँडमधली माणसं आज जशी एकत्र आहेत तशी पुढच्या वर्षी असतीलच असं नाही, म्हणून यंदाच जा.

आता कामाचं. अगदी स्टेजला चिकटून उभं राहू नका. समोर मैदानाच्या मध्यावर साउंडवाल्याचं टेबल असतं, त्याच्या जवळ थांबा. तो स्वतः जे ऐकून आवाज जुळवतो तेच तुमच्या कानावर पडेल. फोमचे इअरप्लग खिशात ठेवा. १०० डेसिबलच्या आवाजात कान सुरक्षित राहतो तो जेमतेम १५ मिनिटं, आणि रॉकच्या कार्यक्रमात तेवढा आवाज सहज होतो. परतीची काळजी करू नका. उघड्या मैदानावर स्पीकर रात्री दहाला बंद करावे लागतात, त्यामुळं उशिराची ट्रॅव्हल्स मिळते. सीट मात्र आधीच बुक करा, आणि शक्यतो खिडकीची घ्या. मला त्या रात्री भिगवण, टेंभुर्णी, बार्शी करत लातूर येईपर्यंत झोप लागली नव्हती.