माहितीपटाला निवेदन देणं म्हणजे खरंच दिग्दर्शकाचा आळस का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंदूरच्या होळकरांच्या राजवाड्यावर बारा-पंधरा मिनिटांचा माहितीपट करताय, शूटिंग उरकलंय, आणि वर्कशॉपमधले सर म्हणाले की निवेदन लावणं हा आळस आहे, चित्रानेच बोललं पाहिजे. मग निवेदन ठेवावं की काढून टाकावं?

मी इंदूरचीच. मराठी-हिंदी दोन्हींत निवेदनं लिहिते आणि वाचतेही. पोटापाण्याचा प्रश्न असल्याने माझं मत एकतर्फी वाटलं तर वाटो, पण सरांचं म्हणणं अर्धंच खरं आहे. दिसतंय तेच परत सांगणारं निवेदन काढून टाकावं. दिसत नाही आणि दिसूही शकणार नाही असं काही त्याच्याकडे असेल, तर त्याला हात लावू नये.

निवेदन बदनाम झालं त्याला आपल्याकडे कारणही तसंच आहे. माहितीपट बनवणारं सरकारी खातं, फिल्म्स डिव्हिजन, 1948 साली सुरू झालं आणि कित्येक वर्षं त्यांचे माहितीपट मुख्य सिनेमाच्या आधी दाखवणं थिएटरांना सक्तीचं होतं. पडद्यावर धरण दिसायचं आणि वरून एक भारदस्त आवाज सांगायचा की हे धरण आहे, ते विशाल आहे आणि त्यामुळे शेतकरी आनंदात आहे. शेतकरी मात्र तोंड उघडायचा नाही! त्यांनी चांगले प्रयोगही केले, पण लोकांच्या कानात बसला तो हाच सूर. हा आवाज कोणाचा, त्याला हे सगळं कुठून कळलं, असं विचारायची सोयच नव्हती. तुमच्या सरांचा राग बहुतेक या आवाजावर असावा.

शब्दांनी चित्राचा अर्थ किती फिरतो हे बघायचं असेल तर क्रिस मार्कर या फ्रेंच दिग्दर्शकाचा 1957 चा सैबेरियावरचा माहितीपट मिळवून बघा. त्यात याकुत्स्क शहरातली तीच ती दृश्यं, एक बस, एक मोटार, रस्ता सपाट करणारे मजूर, लागोपाठ तीनदा येतात. पहिल्यांदा निवेदन सोव्हिएत राजवटीचे गोडवे गातं, दुसऱ्यांदा तिला झोडपतं, तिसऱ्यांदा तटस्थ असल्याचा आव आणतं. चित्राची एक फ्रेमही बदललेली नसते, तरी तीन वेगळी शहरं बघितल्यासारखं वाटतं. ‘चित्रच बोलतं’ हे वाक्य त्यानंतर मला तरी छातीठोकपणे म्हणता आलेलं नाही.

म्हणून मी आधी एवढंच विचारते: बोलतंय कोण, आणि त्याला पडद्यापेक्षा जास्त काय ठाऊक आहे? दूरदर्शनवरचं ‘महाभारत’ घ्या. हरीश भिमाणींच्या आवाजात ‘समय’ बोलतो. काळालाच सगळं आधीपासून माहीत असणार, तेव्हा त्याला बोलायचा हक्क आपोआप मिळतो. सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’त (1977) अमिताभ बच्चनचा आवाज अवध आणि इंग्रजांचं राजकारण सांगतो. ते निवेदनाशिवाय सांगणार कोण? गोष्टीतले दोन्ही जहागीरदार तर बुद्धिबळाच्या पटावरून मान वर करायला तयार नाहीत. त्यांना दिसत नाही ते सांगायला बाहेरचं कोणीतरी लागतंच. उलट उदाहरण ‘ब्लेड रनर’ या इंग्रजी सिनेमाचं. 1982 साली तो प्रदर्शित झाला तेव्हा त्यात नायकाचं निवेदन होतं, 1992 च्या दिग्दर्शकाच्या आवृत्तीत ते काढून टाकलं आणि सिनेमा एकदम मोकळा झाला. पावसात भिजलेलं ते शहर जे सांगत होतं तेच नायक पुन्हा समजावत बसला होता.

शिवाय आपल्या लोकांना मध्ये बोलणारा माणूस नवा नाही. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं तेव्हा सूत्रधार पदं गात गोष्ट पुढे नेत होता आणि पात्रं आयत्या वेळी सुचेल ते बोलत होती. कीर्तनात तर बुवा गोष्ट थांबवून सरळ तुमच्याशीच बोलायला लागतात. पाश्चात्त्य फिल्म स्कूलचा नियम आपण मुकाट्याने का मानावा?

आता राजवाडा. तुम्ही पाठवलेल्या मसुद्याची सुरुवात अशी आहे: ‘हा पहा इंदूरचा भव्य, ऐतिहासिक, सात मजली राजवाडा. खालचे मजले दगडी असून वरील मजले लाकडी आहेत.’ कॅमेरा या वेळी दगडावरून लाकडावर चढतोय, म्हणजे हे सगळं आम्हाला दिसतंच आहे. ‘भव्य’ आणि ‘ऐतिहासिक’ हे शब्द तर फुकट गेले. त्या जागी मी असं काहीतरी म्हणेन: ‘1984 साली इथे आग लागली. समोरचा हा भाग तगला. मागचं बरंचसं तुम्ही बघताय ते नंतर उभं केलेलं आहे.’ एवढं बोलून गप्प. शॉट आणखी सहा-सात सेकंद चालू द्या. आता बघणारा त्याच शॉटमध्ये जुनं कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं ते शोधायला लागेल, आणि हे काम कुठल्याही ड्रोन शॉटने झालं नसतं. मल्हारराव आणि अहिल्याबाई यांच्याबद्दलचे तुमचे दोन परिच्छेद मात्र मला जड वाटले. इंदुरातल्या प्रेक्षकाला ते पाठ आहेत आणि बाहेरच्याला एका दमात पचणार नाहीत. अहिल्याबाईंनी राजधानी महेश्वरला नेली तेवढं ठेवा. चौकातला त्यांचा पुतळा दाखवताना ते उपयोगी पडेल.

रेडिओची सवय असेल तर ती इथे आड येते. आकाशवाणी इंदूर 1955 पासून आहे, तिच्या मालवा हाउसमधली रूपकं, म्हणजे निवेदन आणि आवाजांतून रचलेले कार्यक्रम, ऐकत वाढलेली आमची पिढी, त्यामुळे हात आपोआप वर्णनाकडे वळतो. रेडिओवर शब्दांनी चित्र काढावंच लागतं. आपल्या इंदूरच्या सुशील दोशींचं क्रिकेटचं हिंदी धावतं वर्णन किंवा मराठीत बाळ ज. पंडितांचं आठवा. चेंडू कुठे पडला, क्षेत्ररक्षक कुठून धावला, हे त्यांनी सांगितल्याशिवाय आपल्याला कळणार कसं? तीच वाक्यं टीव्हीच्या सामन्यावर लावली तर माणूस आवाज बंद करेल.

लिहिताना ‘करण्यात आले आहे’, ‘सदर वास्तू’, ‘येथे’ वगैरे सरकारी भाषा नको. वाक्य एका श्वासात बोलता आलं पाहिजे. अंदाज म्हणाल तर सलग बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे मराठी शब्द जातात, पण माहितीपटात सलग बोलायचंच नसतं. पंधरा मिनिटांना सहा-सातशे शब्द झाले तरी मला पोट भरल्यासारखं वाटतं. आधी मोबाइलवर स्क्रॅच ट्रॅक, म्हणजे कच्चं रेकॉर्डिंग, करून एडिटिंगच्या टाइमलाइनवर टाका, चित्राबरोबर ऐका, आणि जिथे ‘हे दिसतंच आहे की’ असं वाटेल तिथे कात्री चालवा. एकदा एका सरकारी खात्याच्या फिल्मसाठी मी निम्मं निवेदन कापून दिलं होतं. साहेबांनी तितकीच विशेषणं परत घातली. फिल्म कोणी बघितली असेल असं वाटत नाही.

आवाज कोणाचा घ्यायचा, पुण्याहून मागवू का, असंही विचारलंय. अजिबात नको. राजवाडा इंदूरचा, तर त्यावर बोलणाराही इथला असू द्या. आपल्या मराठीत हिंदीचा हेल येतो, तो येऊ दे, एकमेकांना ‘भिया’ म्हणणाऱ्या या गावात तो शोभतो. फक्त दोन गोष्टी तपासून घ्या. हिंदी माध्यमात शिकलेली आपली मुलं ‘चमचा’तला आणि ‘जवळ’मधला च-ज हिंदीसारखा म्हणतात, आणि ‘होळकर’चा ‘होलकर’ करतात. एरवी चालेल, पण होळकरांच्याच वाड्यावरच्या फिल्ममध्ये ते कानाला टोचेल.

स्टुडिओ नसेल तर गाद्या-रजयांच्या खोलीत, पंखा बंद करून रेकॉर्ड करा. माइक तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित बाजूला धरा, नाहीतर प, फ, भ आले की फट्कन हवा आपटते. रेकॉर्डिंग झाल्यावर खोलीतली नुसती शांतता अर्धा मिनिट घ्यायला विसरू नका, वाक्यांमधल्या फटी भरायला ती लागते. आणि राजवाड्याच्या चौकातला मूळ आवाज, रिक्षांचे हॉर्न, फेरीवाल्यांच्या हाका, संगीताखाली दाबून टाकू नका. निवेदन थांबेल तिथे तोच वर येऊ द्या.