आजोबांच्या सुतारकामाच्या पेटीत धार लावायचा जुना दगड सापडलाय, नैसर्गिक आहे का कसं ओळखू? पटाशीला चालेल?

भावा आधी तो रॉकेल नाहीतर डिझेलात एक-दोन दिवस बुडवून ठेव, वर्षानुवर्षांचं तेल न् लोखंडाचा काळा मळ सुटल्याशिवाय कळणारच नाही काय आहे ते. एका बाजूला जाड दाण्याचा, दुसऱ्या बाजूला बारीक दाण्याचा असा जोडदगड निघाला तर बहुतेक कारखान्यातला कार्बोरंडम, म्हणजे सिलिकॉन कार्बाइडचा कृत्रिम दगड, त्यात वाईट काय नाही, आपल्याकडं बऱ्याच पेट्यांत तोच असतोय. पण एकजीव, गुळगुळीत, पाणी पटकन न पिणारा आणि उजेडात धरल्यावर कडेनं जरा आरपार दिसला तर अमेरिकेतला अर्कान्सास असू शकतोय. तो म्हणजे जवळजवळ निव्वळ सिलिका, त्यावर पातळ तेल वापर. पिवळसर दगड काळपट पाटीला चिकटवलेला असेल तर बेल्जियमचा कोटिक्यूल बघ, त्यात गार्नेट ह्या कठीण खनिजाचे बारीक कण असतात, त्याला पाणीच पुरतं.

मधी खड्डा पडलाच असणार, त्यावर पटाशीची धार सरळ येणार नाही. जाड काचेवर सिलिकॉन कार्बाइडची पावडर न् पाणी टाकून घासून सपाट कर, पावडरीसाठी उद्यमनगरात (कारखान्यांच्या वस्तीत) विचार. जुन्या कार्बन स्टीलच्या पटाशीला, चपलवाल्यांच्या रापीला असले दगड लई भारी, हायस्पीड स्टीलवर (कडक मिश्र पोलादावर) मात्र घासत बसशील. तुटलेली पटाशी असेल तर आधी ग्राइंडरवर आकार दे, ह्याच्यावर फक्त शेवटचा हात.