‘झडप गळते’ म्हणजे नेमके काय गळते?

अलिबाग तालुक्यातल्या खारेपाटातून एक गृहस्थ पत्नीसह माझ्याकडे आले, तेव्हा त्यांच्या उजव्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली फाइल होती आणि डावा तळवा छातीवर होता. आम्ही पाऊण तास बोललो. तेवढ्या वेळात तो तळवा फक्त एकदा खाली आला, तोही फाइलची गाठ सोडण्यापुरता. त्यांना आपण तात्या म्हणू आणि त्यांच्या पत्नीला काकू. त्यांच्या संमतीनेच हे लिहीत आहे, मात्र ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पाच महिन्यांपूर्वी, म्हणजे ऑक्टोबरात, हर्नियाच्या शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीत डॉक्टरांना त्यांच्या हृदयाच्या ठोक्यांसोबत एक जादा आवाज ऐकू आला आणि त्यांनी टू-डी इको, म्हणजे ध्वनिलहरींनी पडद्यावर हृदय दाखवणारी तपासणी, करायला सांगितले. ती तपासणी करणाऱ्याने पडद्याकडे पाहत, कोणाला उद्देशून नव्हे अशा सुरात, “झडप गळतेय” एवढेच म्हटले. पुढे हृदयरोगतज्ज्ञांनी अहवाल पाहिला, रक्तदाबाची गोळी सुरू केली, “मध्यम गळती आहे, वर्षभराने पुन्हा इको करा” असे सांगितले. ते आणखीही काही बोलले असावेत, परंतु तात्यांच्या कानांत आधीचे दोन शब्द असे बसले होते की पुढचे काहीच आत शिरले नाही. त्यानंतर पुतण्याने मोबाइलवर जे सापडले ते वाचून दाखवले आणि उरलीसुरली झोपही गेली.

तेव्हापासून वय वर्षे छप्पन्न असलेला हा शेतकरी घराबाहेर पडेनासा झाला. भातकापणी भावाने उरकली. माडीवरचे अंथरूण ओटीवर आले, कारण जिना चढताना धाप लागत होती. काकू रात्री दोन-तीनदा उठून त्यांच्या नाकापाशी हात धरून श्वास चालू आहे ना ते पाहत, आणि अर्धवट झोपेत त्या हाताचा स्पर्श झाला की तात्या दचकून उठत, धडधड सुरू होई, मग दोघेही पहाटेपर्यंत दिवा लावून बसत. माझ्यासमोर तात्यांचा प्रश्न होता, “मॅडम, अशी झडप घेऊन माणूस किती दिवस काढतो?” काकूंचा प्रश्न त्याहून व्यवहाराचा होता: यांना घरी एकटे ठेवून बाजाराला जाऊ की नको?

झडपेच्या गळतीचे निदान झालेले बहुतेक जण या दोन प्रश्नांपैकी एक घेऊन येतात. “काळजी करू नका” हे त्यांवरचे सर्वांत निरुपयोगी उत्तर आहे. इतकी वर्षे अशा रुग्णांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलण्याचे काम करूनही ते वाक्य माझ्या तोंडून अधूनमधून निसटते. त्या दिवशीही निसटले, आणि तात्या एकदम गप्प झाले. भीती खोडून काढली की माणूस ती बोलायची थांबतो, बाळगायची थांबत नाही. म्हणून मी माघार घेतली आणि विचारले, “तुमच्या मते छातीत काय चालले आहे? तुम्हाला जसे दिसते तसे सांगा.”

बराच वेळ ते फाइलच्या पिशवीशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, “नळ टिपटिप गळावा तसं रक्त गळत असणार. छातीत कुठंतरी साचत असणार. एक दिवस संपेल.”

पाच महिने हा माणूस आतल्या आत रिता होत असल्याच्या समजुतीने जगत होता. त्यात त्यांचे काय चुकले? आपल्याकडे गळणे म्हणजे कौल गळणे, हंडा गळणे, होडी गळणे, आणि या प्रत्येक गळतीत वस्तू बाहेर सांडते आणि भोक वाढत जाते. हृदयाच्या झडपेबाबत तसे नसते. तिच्यातून एक थेंबही हृदयाबाहेर किंवा छातीच्या पोकळीत सांडत नाही. जे रक्त एकाच दिशेने पुढे जायला हवे, त्यातले काही उलट मागच्या कप्प्यात येते, इतकाच त्या शब्दाचा अर्थ.

हे समजावताना मी एरवी कागदावर हृदयाची आकृती काढते. त्या दिवशी आकृती तात्यांनी काढली. त्यांची शेती खाडीलगत, खारबंदिस्तीच्या, म्हणजे खारे पाणी अडवणाऱ्या बांधाच्या, आत. बांधाला असलेल्या उघाडीविषयी मी विचारले, तशी त्यांनी फाइलच्या मागच्या पुठ्ठ्यावर पेन टेकवले, आणि डावा हात पुठ्ठा धरण्यासाठी आपोआप छातीवरून निघाला. ज्यांनी उघाडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते: बांधात खालच्या अंगाला पाणी जाण्याची वाट ठेवून तिच्या खाडीकडच्या तोंडाला झाकण बसवलेले असते. ओहोटीला शेतातले पावसाचे पाणी झाकण ढकलून बाहेर पडते, आणि भरतीला खाडीचे पाणीच झाकण दाबून बंद करते, म्हणजे खारे पाणी शेतात येत नाही.

“हीच झडप,” मी म्हटले. हृदयाच्या डाव्या बाजूला वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये असलेल्या मायट्रल झडपेला दोन पाकळ्या असतात आणि खालून दोऱ्यांसारख्या तंतूंनी त्या ताणून धरलेल्या असतात. खालचा कप्पा आवळला की पाकळ्या मिटून रक्ताला फक्त शरीराकडे जाणारी वाट उरते. दिवसाला सुमारे एक लाख वेळा हे घडते. तात्यांच्या झडपेची एक पाकळी मिटताना किंचित वर फुगत होती आणि राहिलेल्या फटीतून प्रत्येक ठोक्याला थोडे रक्त वर परतत होते.

“तुमच्या उघाडीचे झाकण नीट बसले नाही, तर तुम्ही काय करता?” मी विचारले.

“किती येतंय ते बघायचं. थोडं आलं तर ओहोटीला जातं परत. लक्ष ठेवायचं.”

“आणि झाकण बदलायचे कधी?”

“शेत खारवायच्या आधी. एकदा जमीन खारवली की दोन-तीन पावसाळे भात धड होत नाही.”

शस्त्रक्रिया केव्हा करावी याचे तत्त्व मी यापेक्षा नेमके सांगू शकले नसते. गळती थोडी असेल तर हृदय ती वर्षानुवर्षे, कित्येकदा जन्मभर, सहज सांभाळते. गळती तीव्र असेल तर परतणाऱ्या रक्ताचा जादा भार पेलताना खालचा कप्पा हळूहळू मोठा होतो आणि पुढे त्याचे बळ घटू लागते. ते बळ कायमचे घटण्याआधी झडप दुरुस्त करायची किंवा बदलायची असते. मात्र येथे उघाडीची उपमा थोडी अपुरी पडते. शेतात आलेले खारे पाणी डोळ्यांना दिसते, हृदय मात्र बराच काळ काहीही जाणवू न देता ओझे वाहत राहते. म्हणूनच बरे वाटत असतानाही ठरल्या तारखेला इको करावा लागतो: गळती सौम्य असेल तर साधारण तीन ते पाच वर्षांनी, मध्यम असेल तर एक-दोन वर्षांनी, तीव्र असेल तर सहा महिने ते वर्षभराने. ‘ट्रिव्हियल’ असा शब्द अहवालात वाचूनही अनेक जण हवालदिल होतात. तेवढी नाममात्र गळती पुष्कळ निरोगी माणसांच्या इकोतही दिसते.

तात्यांच्या अहवालात खालच्या कप्प्याचा आकार सामान्य होता आणि त्याची रक्त पुढे ढकलण्याची क्षमता, म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन, 62 टक्के होती. हा आकडा ऐकून ते आणखी खचले होते, कारण शंभरापैकी बासष्ट म्हणजे अडतीस गेले असा त्यांनी हिशेब केला होता. निरोगी हृदयदेखील एका ठोक्याला आतले सगळे रक्त बाहेर ढकलत नाही आणि 55 ते 70 हाच सर्वसाधारण पल्ला मानतात, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. चार मिनिटांच्या भेटीत डॉक्टरांनी तरी काय काय सांगावे, हे मला कळते. परंतु रुग्ण घरी नेतो तो कागद नव्हे, कागदाचा त्याने लावलेला अर्थ नेतो.

राहता राहिली धाप. ती खरी होती, जिना चढताना मी स्वतः पाहिली. ती भीतीमुळे आहे असे म्हणण्याचा मला अधिकार नाही, निदान हृदयरोगतज्ज्ञांनी पुन्हा पाहण्याआधी तरी नाही. म्हणून मी तात्यांना एक वही ठेवायला सांगितली: धाप किंवा धडधड केव्हा झाली, त्या वेळी काय करत होता, किती वेळात बसली, आणि तिच्या आधी मनात काय आले. शेवटचा रकाना त्यांना वेडगळ वाटला, पण भरला.

दोन आठवड्यांत एकोणीस नोंदी झाल्या. सहा जिना किंवा चढ चढतानाच्या होत्या. अकरा बसल्या किंवा पडल्या जागी आल्या होत्या, आणि त्यांच्या आधीच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकाच जातीचा मजकूर होता: काही वर्षांपूर्वी झोपेत गेलेल्या चुलतभावाची आठवण, कोणाच्या तरी मयताचा फोन, किंवा काकूंचा हात. ही वही घेऊन दोघे डॉक्टरांकडे गेले. चोवीस तासांची होल्टर तपासणी, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांची सलग नोंद, झाली, तीत थोडे जादा ठोके दिसले, धोक्याचे काही नव्हते. पाच महिन्यांत वजन सहा किलोंनी वाढले होते आणि पायांतला जोर गेला होता, चढावरची धाप मुख्यतः त्याची होती. माणूस धापेच्या भीतीने चालणे सोडतो, चालणे सोडल्याने धाप वाढते, आणि वाढलेली धाप त्याला भीती खरी असल्याचा पुरावा वाटते. हे चक्र मी झडपेच्या रुग्णांत इतक्यांदा पाहिले आहे की आता फाइल उघडण्याआधी मी ‘चालता किती?’ असे विचारते.

त्या भेटीत आणखी एक गुंता सुटला. ‘जड उचलायचे नाही’ ही डॉक्टरांची सूचना तात्यांनी झडपेच्या नावावर मांडली होती, ती होती हर्नियासाठी! सपाटीवर चालायला, बांधावर फेरी मारायला, हलकी कामे करायला काहीच आडकाठी नव्हती. चिखलाच्या पाट्या मात्र हर्निया दुरुस्त होईपर्यंत उचलायच्या नव्हत्या.

रक्तदाबाकडे मात्र तात्यांचे पूर्ण दुर्लक्ष होते. सगळे लक्ष झडपेवर असल्याने गोळी कधी घेत, कधी विसरत. वास्तविक पुढच्या वाटेवरचा दाब जितका जास्त, तितके फटीतून मागे येणारे रक्त जास्त. मी वाक्य पुरे करण्याआधीच ते म्हणाले, “म्हणजे उधाणाची भरती.” गोळीचा प्रश्न तेथेच मिटला. मिठाचा मिटायला वेळ लागला. काकू ठामपणे सांगत होत्या की यांना वरून मीठ देत नाही. मग रोजच्या जेवणाची उजळणी केली तेव्हा सुकट, सुके बोंबील, खारातली कैरी, पापड आणि सोलकढीतले मिठात मुरवलेले कोकमाचे आगळ असे सगळे बाहेर आले. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चमचा. सुकी मासळी आठवड्यातून एकदाच, आणि कढीला आगळाऐवजी बिनमिठाची आमसुले भिजवून घ्यायची, असे काकूंनी स्वतःच ठरवले. कोकणातल्या माणसाला सोलकढी सोडा म्हणणारा सल्ला पाळला जात नाही, म्हणून मी तो देत नाही.

काकूंशी मी दोनदा स्वतंत्रपणे बोलले. रात्री श्वास तपासणे बंद करा, असे सांगून ते बंद होणार नव्हते. त्यांना हवा होता तो पहारा कशासाठी द्यायचा याचा खुलासा. सपाट झोपल्यावर दम लागून उशा वाढवाव्या लागणे, झोपेतून गुदमरून उठणे, पायांवर सूज, अनियमित धडधड, पूर्वी सहज होणाऱ्या कामाला धाप, यांतले काही नव्याने दिसले तर तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवायचे. आणि बसूनही दम आटोक्यात येत नसेल, चक्कर येऊन शुद्ध हरपली किंवा छातीत जोराने दुखले तर थेट 108 ला फोन करायचा. हे त्यांनी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवले. दातांचेही सांगितले, कारण तात्या मिश्री लावत आणि हिरड्यांतून रक्त येई. तोंडातले जंतू रक्तात उतरून सदोष झडपेवर ठाण मांडू शकतात, तेव्हा दंतवैद्याला झडपेची कल्पना द्यावी आणि कारण न कळणारा ताप चार दिवस रेंगाळला तर दुकानातून गोळ्या आणून तो दडपू नये.

तात्यांची गोष्ट वाचून प्रत्येकाने आपली गळती मध्यमच समजावी, असे मात्र होऊ नये. लहानपणीच्या संधिवाती तापाने (घशाच्या जंतुसंसर्गानंतर येणाऱ्या ऱ्हुमॅटिक फीवरने) झडप बिघडलेल्या मुली माझ्याकडे येतात. तो ताप पुन्हा येऊ नये म्हणून दर तीन आठवड्यांनी घ्यायचे पेनिसिलिनचे इंजेक्शन हे त्यांचे खरे संरक्षण असते, आणि लग्न ठरले की ‘सासरी कळायला नको’ म्हणून घरचेच ते बंद करतात. मग गरोदरपणात, हृदयावरचा भार वाढल्यावर, ते उघडकीला येते. अशा घरांत मी धीर देण्याच्या फंदात पडत नाही, स्पष्ट आणि कधी कठोरपणे बोलते. तात्यांना कमी घाबरण्याची गरज होती, तेथे थोडे अधिक घाबरण्याची असते.

एप्रिलअखेर तात्या रोज बांधापर्यंत जाऊन येऊ लागले, पहिले काही दिवस पुतण्याला सोबत घेऊन, नंतर एकटे. मे महिन्यात अंथरूण माडीवर परत गेले. काकू रात्री एकदा उठतात, असे त्यांनी मला कबूल केले, पण नाकापाशी हात धरत नाहीत, दारातून पाहून परत येतात. ऑक्टोबरात वर्षाचा इको झाला. गळती होती तेवढीच होती आणि कप्प्याचा आकारही तोच. अहवाल दाखवायला ते आले तेव्हा फाइल काखेत होती आणि मागच्या पुठ्ठ्यावरची उघाडी अजून दिसत होती. डॉक्टरांनी भूल द्यायला हरकत नसल्याचे लिहून दिले होते. ज्या हर्नियापासून हे सारे सुरू झाले तो वर्षभर तसाच राहिला होता, आणि कापणी उरकली की दिवाळीनंतरची तारीख घेतो, असे सांगून ते एसटी पकडायला निघाले.