वाचनाची सुरुवात घरी करताना

मुलीला घरीच वाचायला शिकवण्याचा आपला निर्णय वाचून मनापासून आनंद झाला. सुरुवातीला बहुतेक पालक, आणि त्यांत मीही होते, सगळी मुळाक्षरे क्रमाने पाठ करून घेतात; मूल ‘क कमळाचा’ असे घडाघडा म्हणते, पण ‘कमळ’ हा शब्द समोर आला की अडते. त्याऐवजी क, म, ळ, न अशी चारच अक्षरे घेऊन लगेच ‘मन’, ‘नळ’, ‘कमळ’ हे शब्द वाचू द्यावेत आणि नंतर काना आणावा.

- रोज 10 ते 15 मिनिटे पुरेत.
- चित्र पाहून अंदाजाने सांगितलेला शब्द चित्र झाकून पुन्हा वाचायला सांगावा.

जोडाक्षरांचा विचार आत्ता करू नये. आपण मोठ्याने गोष्ट वाचून दाखवणे मात्र एकही दिवस चुकवू नये.